सगळ्यात वाईट भिंत

आपली भिंत सगळ्यात वाईट आहे हे कोणी छाती पुढे काढून सांगताना पाहिलंय तुम्ही? नसेल पाहिलं तर नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे या. सगळी शहाणीसुरती माणसं अंगणात रांगेत उभी असतात आणि आपापल्या भिंतीची बदनामी करत असतात.

आमचं घर चारही बाजूंनी मोकळं आहे आणि प्रत्येक बाजूला एकेक नमुना राहतो. पुढच्या बाजूला मामंजी, म्हणजे माझे सासरे. उजवीकडे भावजी आणि जाऊबाई. भावजी ड्रायव्हिंग स्कूल चालवतात, त्यामुळे दुसऱ्याच्या पायाखालचा ब्रेक आपणच दाबायची त्यांना सवय आहे, घरातसुद्धा. डावीकडे माझी नणंद. वन्सं कोर्टात टायपिस्ट आहेत आणि "नियमात बसतं का?" हे विचारल्याशिवाय भाजीत मीठदेखील घालत नाहीत. मागच्या बाजूला आम्ही दोघं. मी कपडे शिवते, आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. बोलतातही घड्याळासारखेच, तासाला एकदा, आणि तेही सेल असला तर.

मामंजी वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. रिटायर झाले, पण तपासायची खोड काही जाईना. तपासायला दुकानं उरली नाहीत म्हणून त्यांनी घर घेतलं तपासायला. घराच्या बाहेरच्या कामाचं वर्षभराचं नियोजन तेच करतात, आणि त्यांचा नियम असा की वर्षाला एकच भिंत. खरवडणं, प्लास्टर, रंग, वरची पन्हळ, सगळं त्या एकाच भिंतीचं. अंथरूण पाहून पाय पसरायचे. आता कोणती भिंत? तर बाहेरून जी सगळ्यात वाईट दिसेल ती. पहिल्या रविवारी सकाळी मामंजी पांढराशुभ्र शर्ट घालतात, काठी घेतात, घराला एक फेरी मारतात आणि निकाल सांगतात. त्यावर अपील नाही.

बरं, आत येऊन बघायचं नाही. अजिबात नाही! "आत गेलं की माणसं चहा पाजतात," मामंजी म्हणतात, "आणि चहा पोटात गेला की माप हलतं." नोकरीत कधीतरी कुठल्याशा दुकानदाराने त्यांना चहा पाजून खोटा तराजू पास करून घेतला होता म्हणे. त्या दुकानदाराचं पाप माझ्या डोक्यावर. कारण माझं सगळं दुखणं आतच आहे.

माझी शिवणाची खोली मागच्या भिंतीला लागून आहे. ती भिंत पाऊस पिते आणि मग वर्षभर घाम गाळत बसते. हात लावला की तळवा ओला. आतून ही कथा, आणि बाहेरून म्हणाल तर चारही भिंतींत देखणी. वरून कीर्तन, आतून तमाशा! आणि तो देखणेपणा कोणाच्या कृपेने? माझ्याच. मला घाण बघवत नाही. शेवाळ दिसलं की मी ब्रश घेऊन धावते, भेग दिसली की सिमेंट भरते, पावसाळा संपला की चुन्याचा हात मारते. भिंत आपली नटूनथटून उभी, आणि मामंजी दरवर्षी काठीनेही न शिवता पुढे जातात. "धाकटीची भिंत बघा. हिला काय झालंय?" मी सांगते आतून ओल आहे, तर म्हणतात, "बाहेर दिसत नाही, म्हणजे नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मात्र पाणी गळ्याशी आलं. एका शाळेच्या गणवेशांचं काम माझ्याकडे आहे. त्यावरच माझी मशीन चालते. पांढऱ्या शर्टांचा गठ्ठा शिवून, इस्त्री करून, कपाटात ठेवला. कपाट भिंतीला टेकलेलं, खोली ही एवढीशी, दुसरीकडे ठेवणार कुठे? द्यायच्या दिवशी बघते तर शर्टांवर बुरशीचे काळे ठिपके. मुख्याध्यापिकाबाई स्वभावाने चांगल्या, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी असं झालं तर आम्हाला दुसरीकडे जावं लागेल हो." घरी येऊन मी मशीनवर डोकं ठेवून रडले. यंदा भिंत झाली नाही तर काम गेलं, आणि काम गेलं तर मी काय, दिवसभर घड्याळांची टिकटिक ऐकत बसू?

तेव्हा मी ठरवलं, पुरे झाला हा सोज्वळपणा. माझी भिंत वाईट दिसत नाही काय? दाखवते वाईट करून!

कुठेतरी ऐकलं होतं की ताक शिंपडलं की शेवाळ झकास येतं. दुपारी मामंजी झोपतात. ते घोरायला लागले की मी पातेलं पदराखाली घेऊन मागच्या दारी जायची आणि भिंतीला ताकाची अंघोळ घालायची. वर पाणी मारायचं. सुरुवातीला जिवावर यायचं हो. इतकी वर्षं जी भिंत घासली तिला आपल्याच हाताने घाण करायची म्हणजे काय! पण पहिला हिरवा ठिपका दिसला आणि मला असा काही आनंद झाला की मी त्याला "आलास का रे बाळा" म्हणाले. मग काय, रोज जाऊन बघायची, आज कुठवर आलाय, कोपऱ्यात नीट धरलाय का. मी भरलेल्या भेगा मीच उलथन्याने उकरल्या.

एकदा अशीच पातेलं घेऊन निघाले तर कोपऱ्यावर जाऊबाई. हातात पोळ्यांचा चिमटा, आणि चिमट्यात आपल्या खिडकीखालचा प्लास्टरचा पोपडा. दोघी जागच्या जागी थिजलो.

"पातेल्यात काय गं?" त्यांनी विचारलं.

"ताक आहे, वहिनी. उकडतंय ना." हवा चांगलीच गार होती. "आणि तुम्ही?"

"मी होय? मी... पाल काढत होते."

मी पोपड्याकडे बघितलं, त्यांनी माझ्या पातेल्याकडे बघितलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची वेळ माझ्यावर अशी अक्षरशः आली. तेवढ्यात पलीकडून खसखस आवाज आला. दोघी वाकून बघतो तर वन्सं! कोर्टातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आल्या होत्या आणि चहाचा चोथा ब्रशने भिंतीला फासत होत्या.

"वन्सं, हे नियमात बसतं का हो?" मी म्हटलं.

त्या दचकल्या, पण वरमल्या नाहीत. "भिंत कशाने खराब व्हावी याबद्दल नियम काहीच म्हणत नाही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा फासायला लागल्या.

कोणी कोणाचं नाव घ्यायचं! उंदराला मांजर साक्ष. तिघी गुपचूप आपापल्या बाजूला गेलो. त्या दिवसापासून दुपारी आमच्या घराभोवती जी खुडबुड चालायची, ती ऐकून एखाद्याला वाटलं असतं की घर दुरुस्त होतंय.

भावजी सगळ्यांचे बाप निघाले. "गाडी मागे घेताना शिकणाऱ्या बाईंचा पाय चुकला हो," असं सांगून त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा मागचा बंपर स्वतःच्याच भिंतीवर घातला. बाई पायऱ्यांवर उभ्या राहून चहा पीत होत्या, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. भिंतीला टोपलीएवढं भोक पडलं. भोकापुढे शेवाळाचं काय चालणार? मी ताकाचं प्रमाण वाढवलं. आमचे हे एकदा जेवताना म्हणाले, "हल्ली ताक दिसत नाही." मी म्हटलं, "महाग झालंय." त्यांनी भातावर पुन्हा आमटी घेतली.

रविवारच्या आदल्या दिवशी माझं शेवाळ काय दिसत होतं म्हणून सांगू! गच्च, मखमली, मध्येमध्ये उकरलेल्या भेगा, वर पन्हळीतून मीच ओढून खाली लोंबत सोडलेलं गवत. त्या भिंतीकडे बघून कोणालाही वाटलं असतं, इथे कोणी राहतं की नाही! मी समाधानाने पडदे पोचवायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि यायला अंधार झाला. हे नेहमीपेक्षा लवकर झोपलेले होते. मला वाटलं, दमले असतील.

सकाळी उठले, चूळ भरायला मागचं दार उघडलं, आणि माझा हात तांब्यासकट हवेत राहिला.

भिंत पांढरी होती! नुसती पांढरी नाही, खाली निळा पट्टा, आणि तोही घड्याळजीच्या हाताचा, इकडचा तिकडे केसभर हललेला नाही. भेगा बुजवलेल्या, गवत गेलेलं, पन्हळ पुसलेली. माझं शेवाळ, माझं ताकावर वाढलेलं बाळ, नखभरसुद्धा शिल्लक नव्हतं. आणि शेजारी आमचे हे उभे. दोन्ही कानांना चुना.

"आवडलं?" ते म्हणाले.

"अहो!" मी ओरडले. "अहो, काय केलंत हे? कोणी सांगितलं होतं? तासाला एक शब्द बोलता, तर एक शब्द विचारता आलं नाही मला? आज निकाल आहे! आज!"

ते गोंधळले. कानावरचा चुना उगाच चोळत राहिले. मग म्हणाले, "तू इतकी वर्षं या भिंतीवर डाग राहू दिला नाहीस. आणि परवा बघतो तर सगळी हिरवी. मला वाटलं, तू हात टेकलेस. आता मशीनही विकून टाकशील. मला भीती वाटली गं."

लग्न झाल्यापासून हे एका दमात इतकं बोललेले मला आठवत नाही. आता यावर काय ओरडणार? करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण मारुती करणाऱ्याचे हात बघितले तर ब्रशने फोड आलेले. मी तांब्या खाली ठेवला आणि पदराने त्यांचे कान पुसले. जोरात पुसले, कारण राग होताच.

इतक्यात पुढच्या अंगणात काठी आपटली. तपासणी सुरू.

मामंजी शर्टात झळकत होते. तो शर्ट मीच शिवलेला, दरवर्षी एक शिवून देते. आधी त्यांची स्वतःची पुढची भिंत. तिच्यावर वरपासून खालपर्यंत लांबलचक भेगा. "ही बघा," मामंजी हळहळले, "माणूस उद्या इथे गाडला जाईल." वन्संनी एका भेगेवरून बोट फिरवलं. भेग पुसली गेली. त्यांनी बोट उलटं करून सगळ्यांना दाखवलं. टोकाला पेन्सिलीचं काळं.

"थंडीने मिटली असेल," मामंजी म्हणाले आणि झटकन उजवीकडे वळले.

उजवीकडे भावजी भोकाशेजारी असे उभे होते की जणू त्यातून त्यांचं सर्वस्व चोरीला गेलंय. डावीकडे वन्संच्या भिंतीवर चहाचे डाग इतके पसरलेले की मामंजींनी नाक लावून वास घेतला आणि म्हणाले, "दूध जास्त झालंय." मग सगळी वरात मागे आली.

मामंजी थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वा!" ते म्हणाले. "याला म्हणतात भिंत! शिका रे जरा धाकटीकडून. हिला यंदाच काय, पुढची दहा वर्षं हात लावायला नको."

जाऊबाईंनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या आनंदाने वाजवल्या, एक स्पर्धक कमी झाला होता ना. पण त्या टाळ्यांनी माझं डोकं फिरलं. घरात आल्यापासून सासऱ्यांपुढे मी कधी आवाज चढवला नव्हता. पुढे झाले आणि त्यांचं मनगटच धरलं.

"आत चला, मामंजी."

"आत? छे! मी चहा घेणार नाही."

"चहा देतंय कोण तुम्हाला!" मी म्हटलं आणि ओढत नेलं. काठी दारात अडकली, ती तिथेच राहिली.

शिवणाच्या खोलीत आल्याबरोबर मामंजींनी काय केलं माहितीये? डोळे मिटून घेतले! गच्च! नियम म्हणजे नियम. काठी नव्हती म्हणून चाचपडत मागे सरकले, भिंत लागली, तिला पाठ टेकून उभे राहिले. भिंतीवर अडकवलेल्या माझ्या मापाच्या कागदी कापांवर, माझ्या ओल्याचिंब भिंतीवर, टेकून.

"मी काही बघत नाहीये," ते म्हणाले.

"मग ऐका तरी." आणि मी सगळं सांगितलं. गणवेश, ठिपके, बाई काय म्हणाल्या ते. "अहो, ही भिंत बाहेरून गोरी आहे ती मी घासते म्हणून. आणि घासते म्हणूनच ती हरते. म्हणजे मी यंदा काय करायला हवं होतं? मी पण गाडी घालायला हवी होती? मामंजी, माझं काम जाईल हो." मला रडायचं नव्हतं, पण आलं रडू.

"मी ऐकतही नाहीये," मामंजी म्हणाले. पण त्यांचा आवाज जरा खाली आला होता. मग ते तसेच डोळे मिटून, दाराची चौकट चाचपत, बाहेर गेले. मी मागोमाग.

अंगणात सगळे कान टवकारून उभे होते. मामंजींनी डोळे उघडले, घसा साफ केला. "नियम सगळ्यांना सारखा. बाहेरून जे दिसतं ते. यंदा उजवी भिंत. भोक मोठं आहे." भावजींनी मूठ आवळून कोपर मागे ओढलं. मामंजींनी काठी उचलली आणि जायला वळले.

आणि जाऊबाईंनी तोंडावर पदर धरला.

मामंजींची पाठ आमच्याकडे होती. खांद्यापासून कमरेपर्यंत शर्ट ओला, अंगाला चिकटलेला. त्यावर चुन्याचे पापुद्रे, काळे ठिपके, आणि मधोमध शाळेच्या शर्टाच्या खिशाचा माझा कागदी काप, पोस्टाचं तिकीट डकवावं तसा.

"अप्पा, थांबा," वन्सं म्हणाल्या. "जागचे हलू नका." त्या जवळ गेल्या, पाठ नीट न्याहाळली, बोटाने एक ठिपका तपासला. हा पुसला गेला नाही. "मागची भिंत बाहेर आलीय. तुमच्या पाठीवर. आता बाहेरून दिसतंय. नियमात बसतं."

"काय बसतं?" मामंजी मान वळवून स्वतःची पाठ बघायला लागले आणि स्वतःभोवतीच गोल फिरले. शेवटी शर्ट काढून हातात घेतला. त्या गारठ्यात बनियनवर उभे राहून ते शर्टाकडे बघत राहिले. आम्ही हसू दाबत होतो. जाऊबाईंचं फुटलंच.

मामंजी हसले नाहीत. "हा नवा ना? परवाच दिलास."

"हो," मी म्हटलं.

"असे किती गेले शाळेचे?"

"गठ्ठाच्या गठ्ठा."

ते माझ्या भिंतीजवळ गेले आणि ह्यांच्या त्या सुंदर निळ्या पट्ट्याच्या वर काठीने ठोकलं. भद्द. पुन्हा ठोकलं, पुन्हा भद्द, आणि तेवढ्यात हातभर प्लास्टर सुटून त्यांच्या चपलेवर पडलं. आतलं सगळं ओलं, काळं.

"जन्मभर दुकानदारांना दंड केले," मामंजी म्हणाले, "वरचं पाकीट बघून माल पास करू नका म्हणून. आणि सुनेच्या भिंतीवर मी एकदाही काठी ठोकली नाही. छान दिसते म्हणून." ते माझ्याकडे वळले. "चुकलं माझं, पोरी. यंदा मागची भिंत."

मी वाकून नमस्कार करायला गेले तर म्हणाले, "राहू दे, आधी मला काहीतरी अंगात घालायला दे."

"आणि माझं भोक?" भावजी ओरडले.

"ज्या बाईंनी पाडलं त्या बुजवतील. बोलव त्यांना. मला विचारायचंच आहे, चहा पिता पिता गाडी कशी चालवतात ते." भावजींनी त्याच दुपारी स्वतः सिमेंट कालवलं.

भिंत मुळापासून खरवडली. आमच्या ह्यांना स्वतःचा निळा पट्टा स्वतः काढावा लागला. काढताना तोंड एवढंसं झालं होतं, म्हणून नव्या प्लास्टरवर मी तो पट्टा पुन्हा मारायला लावला. पावसाळ्यात मी रोज सकाळी भिंतीला तळवा लावून बघायची. कोरडा. गणवेशांचा गठ्ठा शाळेत उलगडला तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी एकेक शर्ट उजेडात धरला आणि मग पुढच्या वर्षाचीही ऑर्डर दिली.

आता पुन्हा वर्ष संपत आलंय आणि मामंजींनी नियम बदललाय. आतूनही बघायचं. झालं! कालच भावजींनी त्यांना चहाला बोलावलं. खुर्ची नेमकी भिंतीला टेकवलेली, भिंत नुसती निथळतेय, आणि शेजारची रिकामी बादली लपवायचंसुद्धा भावजींना भान नाही. परवा वन्संनीही बोलावलंय. मामंजी कालच माझ्याकडे आले, म्हणाले, "धाकटे, यंदाच्या शर्टाला पाठीमागून रेनकोटचं कापड लाव."

लावते म्हटलं. आणि माझ्या खोलीतही त्यांची खुर्ची मी माझ्या कोरड्या भिंतीला टेकवूनच ठेवलीय. बसा म्हणावं खुशाल पाठ टेकून, चहा पिऊन होईपर्यंत.